शुश्रूषागृहांची नोंदणी व तपासणी (जळगाव आणि धुळे जिल्हे)

शुश्रूषागृह (बोलीभाषेत नर्सिंग होम) म्हणजे आजारी, जखमी किंवा अशक्त व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करणारी संस्था होय. प्रसूतिगृहाचाही यात समावेश होतो. महाराष्ट्रातील खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी आणि तपासणी 'महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९' या कायद्यानुसार केली जाते. खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांतही हाच कायदा लागू आहे. एखादे शुश्रूषागृह कितपत सुरक्षित आहे, तेथे पुरेसे प्रशिक्षित मनुष्यबळ आहे का आणि शासकीय तपासणीत काय आढळले, हे समजण्यासाठी नोंदणीचा दाखला हा पहिला आधार असतो, मात्र तो पुरेसा नसतो. दाखला संस्थेविषयी, म्हणजे जागा, खाटा, चालक आणि कर्मचारी यांविषयी असतो. दाखल झालेल्या रुग्णाची रात्री दोन वाजता कोण विचारपूस करते, हे त्यावरून कळत नाही.

संज्ञा

'नर्सिंग होम' या शब्दाचा भारतातील अर्थ पाश्चात्त्य देशांतील अर्थाहून वेगळा आहे. इंग्लंड-अमेरिकेत आज हा शब्द प्रामुख्याने वृद्ध व परावलंबी व्यक्तींच्या दीर्घकालीन निवासी निगेसाठी वापरला जातो. महाराष्ट्रात मात्र एखाद्या डॉक्टरने किंवा डॉक्टर दांपत्याने चालवलेले, साधारणपणे पाच ते पन्नास खाटांचे खासगी रुग्णालय म्हणजे नर्सिंग होम, असा अर्थ रूढ आहे. मराठी शासन-व्यवहारात त्यासाठी 'शुश्रूषागृह' हा शब्द योजला जातो. पाटीवर 'हॉस्पिटल', 'क्लिनिक', 'मॅटर्निटी होम' किंवा 'आयसीयू' असे काहीही लिहिलेले असले, तरी रुग्णाला दाखल करून घेतले जात असेल तर कायद्याच्या दृष्टीने ते शुश्रूषागृहच ठरते. केवळ बाह्यरुग्ण तपासणारा दवाखाना या व्याख्येत येत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी

मूळ कायदा 'मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९' (१९४९ चा १५) या नावाने तत्कालीन मुंबई प्रांतात संमत झाला. इंग्लंडमधील १९२७ च्या कायद्याचा त्याच्या रचनेवर स्पष्ट ठसा आहे. पूर्व खानदेश (आजचा जळगाव) आणि पश्चिम खानदेश (आजचे धुळे व नंदुरबार) हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतातच होते. त्याच काळात मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि विदर्भ मध्य प्रांतात मोडत असे. कायद्याखालील तपशीलवार नियम १९७३ मध्ये आले. पुढे राज्यातील जुन्या कायद्यांच्या नावांतील 'मुंबई' हा शब्द बदलण्यात आला, तेव्हा या कायद्यालाही आजचे नाव मिळाले. तरीही शासकीय कार्यालयांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात 'बॉम्बे नर्सिंग' हेच नाव अद्याप प्रचलित आहे.

केंद्र सरकारने २०१० मध्ये 'वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व विनियमन) अधिनियम' संमत केला. उपचारांची किमान मानके व दरांची पारदर्शकता हे विषय त्यात अधिक विस्ताराने येतात. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे हा कायदा स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर सोडण्यात आले होते. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी त्याऐवजी राज्याचा स्वतंत्र कायदा करण्याची मागणी लावून धरली, तर डॉक्टरांच्या संघटनांनी जाचक अटींना विरोध केला. या ओढाताणीत सर्वंकष कायदा झाला नाही. जानेवारी २०२१ मध्ये मात्र १९७३ च्या नियमांत मोठी दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले, तसेच स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष स्थापन करावा, अशीही तरतूद आली. सुमारे अर्धशतकाने झालेला हा बदल रुग्णांच्या दृष्टीने कायद्यातील सर्वांत उपयुक्त भाग आहे. दुर्दैवाने सर्वांत कमी माहीत असलेला भागही हाच आहे.

नोंदणी

नोंदणीशिवाय शुश्रूषागृह चालवणे हा दंडनीय अपराध आहे. महानगरपालिका हद्दीत नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्यापासून हे काम त्यांच्याकडे आहे. हद्दीबाहेरील तालुक्यांत ते जिल्हा पातळीवरील शासकीय आरोग्य यंत्रणेकडे, मुख्यतः जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे असते. त्यामुळे भुसावळ किंवा शिरपूर येथील रुग्णालयाची माहिती जळगाव वा धुळे महापालिकेत मिळत नाही. तक्रारदारांच्या अनेक फेऱ्या केवळ हे ठाऊक नसल्याने वाया जातात.

दाखल्याची मुदत तीन वर्षांची असून ती ३१ मार्च रोजी संपते. दाखला शुश्रूषागृहात सहज दिसेल अशा जागी लावणे कायद्याने आवश्यक आहे. त्याकडे पाहताना तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे मुदत. दुसरी, नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि तीच व्यक्ती प्रत्यक्ष रुग्णालय चालवते का. कारण इमारत भाड्याने देऊन किंवा भागीदारी बदलून जुन्याच दाखल्यावर काम चालू ठेवण्याचे प्रकार घडतात. तिसरी गोष्ट मंजूर खाटांची संख्या. दाखल्यावर दहा खाटा आणि प्रत्यक्षात मार्गिकेसह अठरा खाटा अशी तफावत असेल, तर परिचारिका, स्वच्छतागृहे, प्राणवायू आणि बाहेर पडण्याची वाट यांचे गृहीत धरलेले प्रमाण निम्म्यावर आलेले असते.

अर्जदार अपात्र असल्यास, जागा वा साधने अयोग्य असल्यास किंवा आवश्यक अर्हतेचे कर्मचारी नसल्यास नोंदणी नाकारता येते. प्रसूतिगृहासाठी अर्हताप्राप्त परिचारिका किंवा प्रसाविका असणे आवश्यक मानले आहे. नोंदणी रद्द करण्यापूर्वी संबंधितास कारणांसह नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि निर्णयाविरुद्ध राज्य शासनाकडे अपील करता येते. शासनाने व स्थानिक स्वराज्य संस्थांनी चालवलेली रुग्णालये या नोंदणीच्या कक्षेबाहेर आहेत.

तपासणी

सक्षम अधिकारी कोणत्याही वाजवी वेळी शुश्रूषागृहात प्रवेश करून जागा व नोंदवह्या तपासू शकतो. नोंदणी नसूनही रुग्ण दाखल केले जात असल्याचा सबळ संशय असल्यास अशा जागेतही त्याला जाता येते. मूळ कायद्यातील तपासणीच्या कलमाला मात्र एक परंतुक आहे. त्यानुसार या अधिकारात रुग्णाची वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा अधिकार अभिप्रेत नाही. रुग्णाची गोपनीयता हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा झाला, की तपासणीचा भर इमारत, खाटा, पदव्यांची प्रमाणपत्रे आणि इतर खात्यांचे दाखले यांवर राहिला. औषध वेळेवर दिले का, ताप व रक्तदाब रात्री नोंदवला का, गंभीर रुग्णाला पुढील रुग्णालयात हलवण्यास उशीर झाला का, हे प्रश्न नेहमीच्या तपासणीत येत नाहीत; ते बहुधा मृत्यूनंतरच्या चौकशीत उपस्थित होतात.

यामुळे 'तपासणीत दोष आढळला नाही' या शेऱ्याचा अर्थ मर्यादित आहे. एका दिवशी, बहुधा सकाळच्या पाळीत, कागद व जागा नियमानुसार होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. उलट, दोष आढळल्याची नोंद असलेले प्रत्येक शुश्रूषागृह वाईटच असते, असेही नाही. दोष कोणता होता, पूर्ततेसाठी किती मुदत दिली आणि फेरतपासणी झाली का, ही पुढची पाने वाचल्याशिवाय पहिल्या पानाला अर्थ प्राप्त होत नाही. सलग दोन तपासण्यांत तोच दोष राहिलेला दिसणे ही गंभीर खूण समजावी.

मनुष्यबळ

शुश्रूषा हा ज्या संस्थेच्या नावातच आहे, तेथे परिचारिकांची संख्या हा मूल्यमापनाचा गाभा ठरतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका अपेक्षित आहे. हे प्रमाण पाळीगणिक आहे. पंधरा खाटा भरलेल्या शुश्रूषागृहात प्रत्येक पाळीत तीन, म्हणजे तीन पाळ्यांत नऊ परिचारिका हव्यात. सुट्ट्या व रजा यांसाठी तीस टक्के राखीव मनुष्यबळ धरले, तर ही संख्या बारापर्यंत जाते. 'आमच्याकडे सहा सिस्टर आहेत' हे उत्तर भरघोस वाटले, तरी पाळ्यांत विभागल्यावर रात्री पंधरा रुग्णांमागे एक किंवा दोन एवढेच शिल्लक राहते.

संख्येइतकीच अर्हता महत्त्वाची आहे. एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग हे मान्य अभ्यासक्रम असून ते पूर्ण केलेल्या व्यक्तीची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. लहान शहरांत पांढरा किंवा निळा गणवेश घातलेल्या सर्वांनाच 'सिस्टर' वा 'ब्रदर' म्हटले जाते. त्यांतील काहींचे शिक्षण कामावरच्या अनुभवापुरते असते. हे कर्मचारी अनेकदा कष्टाळू आणि रुग्णांशी मायेने वागणारे असतात, परंतु शिरेतून द्यायच्या औषधाची मात्रा किंवा प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांत अनुभवाची जागा प्रशिक्षणाने घेतलेली असावी लागते. अल्प वेतन हे प्रशिक्षित परिचारिका न टिकण्याचे मोठे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकांना दरमहा किमान २०,००० रुपये वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती.

रात्रीच्या निवासी डॉक्टरांचीही अशीच गोष्ट आहे. प्रमुख डॉक्टर विशेषज्ञ असतात, मात्र रात्री उपस्थित राहणारे बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. यात लपवण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की विशेषज्ञ किती मिनिटांत पोहोचू शकतो आणि त्याला बोलावल्याची वेळ नोंदवली जाते का.

अग्निसुरक्षा

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नुसार आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर आहे. परवानाधारक यंत्रणेकडून तपासणी करून घेऊन 'नमुना ब' मधील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. म्हणून एकदा मिळालेले अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असणे पुरेसे नाही. ताजा 'नमुना ब' हाच चालू स्थितीचा पुरावा आहे.

या तरतुदींचे महत्त्व २०२१ या एका वर्षात महाराष्ट्राने वारंवार अनुभवले. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत १० अर्भकांचा मृत्यू झाला. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला आणि २२ रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, विरार येथील विजय वल्लभ या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत त्याच दिवशी १३ रुग्णांचा मृत्यू झाल्याची नोंद झाली. ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. यांतील तीन रुग्णालये शासकीय वा महापालिकेची होती, म्हणजे नोंदणी कायद्याच्या कक्षेबाहेरची. असुरक्षितता हा केवळ खासगी क्षेत्राचा दोष नाही, हे त्यातून दिसते.

तीन आगी बंदिस्त, वातानुकूलित कक्षांत लागल्या आणि तेथील रुग्ण स्वतःहून उठून बाहेर जाऊ शकत नव्हते. खानदेशात ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जळगाव, भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वातानुकूलन यंत्रे व कूलर दिवसरात्र चालतात आणि जुन्या वायरिंगवर भार वाढतो. अनेक शुश्रूषागृहे मुळात राहण्यासाठी बांधलेल्या घरांत किंवा व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यांवर आहेत. अशा ठिकाणी दुसरा जिना आहे का, त्याच्या दाराला कुलूप आहे का, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरतो का, खिडक्या उघडतात का आणि जनित्र व प्राणवायूचे सिलिंडर एकाच कोपऱ्यात ठेवले आहेत का, हे कोणत्याही नातेवाइकाला पाच मिनिटांत पाहता येते. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

इतर परवाने व नोंदी

जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आवश्यक असते. पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या पिशव्या वा डब्यांत कचऱ्याचे वर्गीकरण करावे लागते आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवता येत नाही. वापरलेल्या सुया साध्या डब्यात पडलेल्या दिसणे, ही जंतुसंसर्गाविषयीच्या एकूण बेफिकिरीची खूण मानली जाते. सोनोग्राफी यंत्र असल्यास गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली (१९९४) स्वतंत्र नोंदणी लागते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली आढळल्या होत्या. राज्यातील सर्वांत कमी प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत जळगावची गणना झाली. त्यामुळे येथे या तपासण्यांना निव्वळ तांत्रिक बाब मानता येत नाही.

रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाचे (एनएबीएच) प्रमाणन ऐच्छिक आहे. त्याचप्रमाणे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेशासाठी वेगळी पडताळणी होते. ही योजना २०१२ मध्ये 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावचा समावेश नंतर झाला.

खानदेशातील परिस्थिती

धुळे येथे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही दाखल होणाऱ्या रुग्णांचा मोठा भार खासगी शुश्रूषागृहांवर आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात मिळत असल्याने अपघातग्रस्तांचा ओघ असतो. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवरून तसेच मध्य प्रदेशातील सेंधवा, बऱ्हाणपूर भागातूनही रुग्ण येतात. रात्री जीपमधून आणलेल्या अत्यवस्थ बाळंतिणीच्या नातेवाइकांना दाखला वाचण्याची सवड नसते. शुश्रूषागृहाची निवड बहुधा गावातील डॉक्टरच्या चिठ्ठीवर होते. म्हणूनच येथे नातेवाइकांच्या चिकित्सेपेक्षा शासकीय तपासणीवर अधिक जबाबदारी येते.

जून २०२० मध्ये जळगाव शासकीय रुग्णालयात घडलेली घटना देशभर गाजली. कोविडबाधित ८२ वर्षीय महिला रुग्णालयातून बेपत्ता असल्याचे सांगण्यात येत होते. १० जून रोजी, सुमारे आठ दिवसांनी, तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. या घटनेत यंत्रसामग्रीची उणीव नव्हती. पाळी बदलताना खाटेगणिक रुग्ण मोजणे आणि स्वच्छतागृहे तपासणे, ही परिचर्येतील अगदी प्राथमिक कामे दिवसेंदिवस झाली नव्हती. कोणत्याही शुश्रूषागृहात पाळी-हस्तांतराची वही विचारणे का महत्त्वाचे आहे, याचे याहून ठळक उदाहरण जिल्ह्यात नाही.

माहिती व तक्रारीचे मार्ग

तपासणी अहवाल सर्वसाधारणपणे दर्शनी भागी लावले जात नाहीत. ते महापालिका वा जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून त्यांच्या प्रती मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे करता येते. अर्जात रुग्णांची नावे न मागता नोंदणीची मुदत, मंजूर खाटा, मागील तपासण्यांच्या तारखा, आढळलेले दोष व पूर्तता अहवाल एवढेच मागितल्यास गोपनीयतेच्या कारणाने माहिती नाकारण्यास फारसा वाव राहत नाही.

रुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत आणि ती तीन वर्षे जतन करावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील व्ही. पी. शांता खटल्याच्या निकालाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणल्या. त्यामुळे निष्काळजीपणाबद्दल जळगाव व धुळे येथील जिल्हा ग्राहक आयोगांकडे दाद मागता येते. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करावी लागते. शुश्रूषागृहातील सोयी, दर वा नोंदणी यांविषयीची तक्रार मात्र नोंदणी प्राधिकरणाच्या तक्रार निवारण कक्षाकडेच जाते.

वृद्धांची दीर्घकालीन निगा

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना शुल्क घेऊन सांभाळणारी केंद्रे मोठ्या शहरांपाठोपाठ जिल्ह्यांच्या ठिकाणीही दिसू लागली आहेत. वृद्धाश्रमांचा उल्लेख आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यात आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु नळीने अन्न, मूत्रमार्गातील नळी, शय्याव्रणांची मलमपट्टी अशी सेवा देणारे केंद्र केवळ निवासाची जागा राहत नाही. १९४९ च्या व्याख्येत 'अशक्तता' हा शब्द असल्याने उपचार व शुश्रूषा देणारे असे केंद्र शुश्रूषागृह म्हणून नोंदले जाणे सुसंगत ठरते. प्रत्यक्षात अनेक केंद्रे न्यासाच्या किंवा दुकाने-आस्थापनेच्या नोंदणीवर चालतात. त्यामुळे त्यांच्याकडे वैद्यकीय तपासणी घेऊन जाणारा अधिकारीच ठरलेला नसतो. अशा केंद्रात नातेवाइकांनी शय्याव्रणांची नोंद, औषधांचा तक्ता आणि रात्रपाळीतील प्रशिक्षित परिचारिकेचे नोंदणीपत्र या तीन गोष्टी मागून पाहिल्यास केंद्राच्या दर्जाची बरीच कल्पना येते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना ठेवून घेणाऱ्या केंद्रांसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे.